तिसऱ्या अंकाचं भाषांतर

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, चुलतबहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच. माझ्या आत्याचं सांगलीचं घर तिच्या नकळत विकायला काढलं होतं. ही बातमी तिला एका अमेरिकन नाटकानं, टीव्हीवरून, सही करायच्या दोनच दिवस आधी, अगदी स्वच्छ शब्दांत दिली होती. ती तिच्यापर्यंत पोचली नाही, कारण मध्ये मी बसलो होतो. त्या खोलीत इंग्रजीतून मराठीत यायला एकच दार होतं आणि त्या दाराशी सतरा वर्षांचा मी, तोंडात पॅनकेकच्या पिठाचा गुलाबजाम धरून, पहारा देत होतो.

आम्ही तेव्हा जर्सी सिटीत राहत होतो, सतराव्या मजल्यावर. बाबा रोज सकाळी खालून गाडी पकडून नदीपलीकडे मॅनहॅटनला जायचे आणि तिथल्या एका बँकेचे कॉम्प्युटर सांभाळायचे. अपार्टमेंटमध्ये भिंती इतक्या पातळ की शेजारच्या तेलुगू जोडप्याचं भांडण आम्हाला भाषा न येता पाठ झालं होतं. आई फोडणी द्यायची ती मनगटी घड्याळाकडे बघत, कारण मोहरी तडतडली की स्मोक अलार्म बोंबलायचा. मग मी खुर्चीवर चढून त्याच्या तोंडावर आंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवायची, असा आमचा नेम. माईआत्या आली त्या पहिल्या दिवशी तिनं ती टोपी घातलेला अलार्म बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, "याला सर्दी झालीय की याची मुंज आहे?"

माईआत्या म्हणजे बाबांची आणि नानाकाकांची थोरली बहीण. टेलिफोन खात्यात नोकरी करून निवृत्त झालेली, लग्न न केलेली आणि त्याबद्दल कोणालाही खुलासा न देणारी. घर आजोबांच्या मागे तिघांच्या नावावर, पण राहायची ती एकटीच. तीन खोल्या आणि पुढे लांबलचक व्हरांडा. त्या व्हरांड्यात वर्षानुवर्षं हौशी मंडळींच्या तालमी झाल्या. सांगलीत नाटकाचं वेड नसणं हा मोठा दोष समजतात. आत्या स्टेजवर कधी आली नाही. ती प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडखळला की त्याला पुढचा शब्द अलगद द्यायचा. "शब्द द्यायचा तो प्रेक्षकाला ऐकू जाता कामा नये आणि नटाला चुकता कामा नये," असं ती सांगायची. मला ते तेव्हा फार सोपं काम वाटलं होतं.

ती आली सहा महिन्यांच्या व्हिसावर. माझी खोली तिला दिली गेली आणि मी हॉलमधल्या सोफ्यावर. तिनं येताना मेतकूट, भडंग आणि हळदीची एवढी मोठी पिशवी आणली होती की विमानतळावरच्या माणसानं तिला तीनदा विचारलं, हे काय आहे. आत्या तीनदा म्हणाली, "हळद." चौथ्यांदा त्यानं विचारलंच नाही. मी सातवीपर्यंत भारतात मराठी शाळेत शिकलो होतो, त्यामुळे संध्याकाळी ती माझ्याशीच बोलायची. बाबा थकलेले असायचे, आई फोनवर असायची. सांगायला लाज वाटते, पण मला तिचा कंटाळा यायचा. माझ्या गादीवर झोपते आणि वर माझा वेळ खाते, असा हिशेब मी मनात मांडायचो.

खरं काय चाललंय ते मला बाबांनी एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये सांगितलं. मी ड्रायव्हिंग शिकत होतो. त्यांनी नेमका रिव्हर्स घेतानाचा क्षण निवडला, म्हणजे मी मागे बघत असणार.

"केदार, तू आता मोठा झालास. सांगलीचं घर आपण देऊन टाकतोय. बिल्डर चांगला आहे."

"आत्या कुठे राहणार?"

"पुण्याला एक फार छान जागा बघितलीय. ज्येष्ठांसाठी. डॉक्टर आहेत, लायब्ररी आहे. ब्रेक दाब."

मी ब्रेक दाबला. "तिला माहीत आहे?"

"सांगणार आहोत ना. नायगाऱ्याला. तिथे माणूस प्रसन्न असतो." मग जरा थांबून, "मंगळवारी फक्त तिची एक सही हवीय. पाणीपट्टीचं काम आहे म्हणून सांगितलंय. उगाच तिला ताण नको. आणि हे बघ, त्या पैशातून आपलं इथलं घर झालं की खालचं बेसमेंट तुझं. पूर्ण. दार लावून घे, गाणी लाव, काय करायचं ते कर."

माझी किंमत काढायला बाबांना फार घासाघीस करावी लागली नाही. एक बेसमेंट.

त्या रविवारी दुपारी आम्ही सगळे नानाकाकांकडे गेलो. नानाकाका डॉक्टर, भूल देणारे. सत्तावीस वर्षं अमेरिकेत, तासाभराच्या अंतरावरच्या उपनगरात मोठं घर आणि त्यात भिंतभर टीव्ही. त्यांनी सार्वजनिक टीव्ही वाहिनीला देणगी दिली होती आणि बदल्यात त्यांना एक कापडी पिशवी आणि एक मग आला होता. तो मग घरात ज्या मानानं वावरायचा, त्या मानानं काकांची डिग्रीसुद्धा वावरत नसे. वाहिनीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांनी वाचलं होतं की रविवारी अमेरिकन रंगभूमीवरचं एक अभिजात कौटुंबिक नाटक दाखवणार आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेतलं घराणं, कापसाची जमीन, आई आणि दोन मुलगे. कौटुंबिक म्हणजे मुलाबाळांनी मांडीला मांडी लावून बघावं असं काहीतरी, शेवटी एखादं लग्न किंवा निदान सत्यनारायण, अशी त्यांची समजूत झाली. "माईला नाटकाची आवड. आपण सगळे एकत्र बघू," ते फोनवर म्हणाले. आपल्या बहिणीच्या जखमेवर मीठ चोळायला कोणी इतक्या प्रेमानं आमंत्रण दिल्याचं मी पुढे कधी पाहिलं नाही.

शैलाकाकूनं पावभाजी केली होती, ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये, वीस माणसं येणार असल्यासारखी. गुलाबजाम होते पॅनकेकच्या पिठाचे आणि श्रीखंड सावर क्रीमचं. आत्यानं श्रीखंड चमचाभर चाखून वाटी खाली ठेवली. "शैला, चव चांगली आहे गं. फक्त नाव बदल." काकू हसली, म्हणजे दात दाखवले.

नाटक सुरू झालं. सिनेमा नव्हे, खरंच नाटक. रंगमंच, पडदा, समोर अंधारात खोकणारे प्रेक्षक, आणि त्यावर लावलेले कॅमेरे. पडदा वर गेला तशी आत्या सरसावून बसली. व्हरांडा, तीन वेताच्या खुर्च्या, डोक्यावर घरघरणारा पंखा. "अगंबाई, आपलाच सेट!" ती म्हणाली. मग पात्रं बोलायला लागली आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण कोणालाही एक अक्षर कळेना.

दक्षिणेकडची माणसं बोलतात ती शब्द चघळत, गिळत, मधेच तोंडात विसरून. नानाकाकांची सत्तावीस वर्षं आणि बाबांची पाच त्या बोलण्यासमोर पहिल्या पाच मिनिटांत आडवी झाली. चौदा वर्षांची रिया, काकांची मुलगी, इथेच जन्मलेली, तीसुद्धा कपाळाला आठ्या घालून बसली होती. ती म्हणाली, "डॅड, कॅप्शन्स लाव ना."

"कॅप्शन कशाला?" नानाकाका आपला कॉफीचा मग उचलत म्हणाले. "आपण काय बहिरे आहोत?"

बस. त्या एका वाक्यानं सगळं ठरलं. कॅप्शन लागले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण सत्तावीस वर्षांनंतर इंग्रजी वाचून समजून घ्यायचं, तेही बहिणीसमोर, हे त्यांच्यानं होणार नव्हतं. मला मात्र सगळं कळत होतं. भारतातून आल्यावर बाबांचं पहिलं काम तिकडेच दक्षिणेत, अलाबामात होतं. त्यांच्या ऑफिसात सगळे आपलेच लोक, पण मी इंग्रजी शिकलो ते तिथल्या शाळेच्या पिवळ्या बसमध्ये, असंच चघळलेलं. जर्सीत आल्यावर मुलांनी त्यावरून माझी इतकी टर उडवली की मी ते बोलणं टाकून दिलं, पण कान तेच राहिले.

"केदार, तू माईला सांगत जा हं," काका म्हणाले. "तिला बिचारीला कळणार नाही." आणि सगळेच जरा माझ्याकडे सरकले. आत्यासाठी.

पहिले दोन अंक मी मनापासून सांगितले, जरा तिखटमीठ लावून. म्हातारी विधवा आईचा वाढदिवस. वकील असलेला थोरला मुलगा, दारू पिणारा धाकटा, आणि सारखी पंख्यानं वारा घेत सासूनं आणलेल्या चांदीच्या भांड्यांकडे बघणारी थोरली सून. सुनेला मी शैलाकाकूचा आवाज दिला. "अय्या आई, तुम्ही कशाला उठलात, मी आहे ना," असं म्हणायचं आणि जागचं हलायचं नाही. माझी आई तोंडाला पदर लावून हसली. आत्या इतकी हसली की तिचा चष्मा घसरला. काकू म्हणाली, "असं म्हणाली ती खरंच?" मी म्हटलं, "शब्दशः." लोक माझ्या तोंडाकडे बघत बसलेत, मी देईन तेच सत्य, हे सुख मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते चढतं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

तिसरा अंक सुरू झाला. जेवणाच्या टेबलाशी सगळे बसलेले. आई म्हणते, उद्या घरी गेले की बागेतली गुलाबं छाटायला हवीत. वाढदिवसाला म्हणून तिला थोरल्याच्या घरी आणलेलं होतं, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. थोरला उठतो. टेबलावर हात टेकवतो. आणि सांगतो, आई, ते घर आता तुझं राहिलेलं नाही. आम्ही विकलं. तू इथे आलीस, तेव्हाच विकलं.

टीव्हीवरचे प्रेक्षक खोकायचे थांबले. आमच्या खोलीत फक्त पावभाजीच्या ट्रेखालच्या निळ्या ज्योतीची फुरफुर.

"काय म्हणाला?" आत्यानं विचारलं.

"काय म्हणाला रे?" नानाकाकांनीही विचारलं, अगदी निरागसपणे. बाबांनी पण माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर कसली भीती नव्हती, नुसती उत्सुकता. स्वतःचीच गोष्ट ऐकायला ते दोघं वाटी-चमचा घेऊन सरसावून बसले होते.

मला कोणी दटावलं नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण इतकी वर्षं मी मनातल्या मनात बाबांच्या तोंडी एक खाकरणं घालत आलोय. ते खाकरले नव्हते. मी आत्याकडे बघितलं, मग मला बेसमेंट दिसलं, त्याचं दार दिसलं, आणि मी म्हणालो, "तो म्हणतोय, आई, घराला रंग द्यायचा झालाय."

पडद्यावर ती म्हातारी खुर्ची चाचपत हळूहळू खाली बसली.

"रंग द्यायचा म्हणून एवढी खाली बसली?"

"खर्च खूप आहे ना."

"इथे पेंटर परवडतच नाहीत," शैलाकाकू म्हणाली.

"लेबर कॉस्ट," बाबांनी मान डोलावली. "मटेरियल स्वस्त आहे. लेबर मारतं."

"आम्ही गॅरेजचं कोटेशन घेतलं होतं," नानाकाका म्हणाले, आणि त्या दोन भावांनी, समोर एक आई उद्ध्वस्त होत असताना, रंगाऱ्यांचे दर या विषयावर मनापासून चर्चा केली.

"दॅट्स नॉट व्हॉट ही सेड," रिया म्हणाली. तेवढं एक वाक्य तिला कळलं होतं. तिनं ते हळू म्हटलं, माझ्याकडे बघून. "केदारदादा, ही सेड दे सोल्ड..."

"आधी मराठी नीट शीक," काकू म्हणाली. "मग दादाला सांग."

रियानं पाय वर घेऊन उशी मांडीवर ओढली. पडद्यावर आईनं चांदीचं ताट भिरकावलं.

"आता?" आत्या.

"तिला पिवळा हवाय. मुलगा पांढरा म्हणतोय."

सगळे हसले. नानाकाकांच्या मगातली कॉफी सांडली. "अमेरिकन लोक म्हणजे ना! क्षुल्लक गोष्टीवरून केवढा तमाशा!" आत्या हसली नाही. ती पडद्याकडेही बघत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, जशी ती विंगेतून नटाच्या तोंडाकडे बघत असणार, हा आता अडखळणार की नाही म्हणून.

शेवटी ती म्हातारी एकटी व्हरांड्यात येऊन उभी राहते. खूप वेळ बोलते. मी दोन वाक्यं सांगितली. पडदा पडला. आत्यानं विचारलं, "मग घराचं काय झालं?"

"राहिलं. मुलं रंग देणार आहेत."

"कुठला?"

"पांढरा."

तिनं मान हलवली. काकांनी कौतुकानं विचारलं, "काय माई, कसं वाटलं नाटक?" तेव्हा ती पदरानं चष्मा पुसत म्हणाली, "नट चांगले होते रे. संवाद कुठेतरी कच्चे वाटले."

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. आई हिवाळ्यात आमच्याकडे कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला येते तेव्हा दोघी टीव्ही बघतात आणि मुलगी मोडक्या मराठीत सांगत असते, "आजी, तो माणूस लाय करतोय." मला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागतं. बायकोला वाटतं, मला मालिका आवडत नाहीत.

मंगळवारी बाबांनी अर्धी सुट्टी घेतली. एका ट्रॅव्हल एजंटच्या दुकानात मागच्या टेबलाशी नोटरी बसायचा, तिथे आम्ही तिघं गेलो. मला का नेलं ते आठवत नाही. बहुधा आत्यानंच म्हटलं, केदार असू दे बरोबर. कागद सगळे इंग्रजीत. बाबांनी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. आत्यानं पेन उघडलं आणि माझ्याकडे वळली.

"पांढराच ना रे, केदार?"

"काय पांढरा?" बाबा म्हणाले.

"काही नाही. नाटकातलं."

तिनं मला शब्द दिला होता. हे मला खूप उशिरा समजलं. अडलेल्या नटाला देतात तसा, इतरांना कळणार नाही असा. मी फक्त तो उचलायचा होता. नाही आत्या, पांढरा नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हणालो, "हो. पांढरा."

तिनं संपूर्ण नाव लिहून सही केली, वडिलांच्या नावासकट.

नायगाऱ्याला ठरल्याप्रमाणे सगळे प्रसन्न झालो. निळे प्लास्टिकचे रेनकोट घालून बोटीत उभे होतो आणि नानाकाकांनी नेमका तो क्षण निवडला. धबधब्याचा आवाज एवढा की त्यांना ओरडावंच लागलं. जी गोष्ट चार महिने कुजबुजत ठेवली होती, ती त्यांनी बोटीवरच्या सगळ्या पर्यटकांसमोर बोंबलून सांगितली. "माई! सांगलीच्या घराचं! म्हणजे! दिलंय आम्ही!"

आत्यानं चष्म्यावरचे तुषार पुसले. "रंग देऊन झाला?" तिनं ओरडून विचारलं.

"काय?"

"काही नाही!"

परतताना गाडीत दशम्या आणि लसणाची चटणी खात बाबा आईला म्हणाले, "किती समजूतदारपणे घेतलं माईनं." काका म्हणाले, "वयानं माणूस मॅच्युअर होतो." आत्या खिडकीतून बाहेर बघत होती. तिनं दशमीचा अर्धा तुकडा मोडून माझ्या हातात दिला, माझ्याकडे न बघता. मी खाल्ला. भूक लागली होती.

बेसमेंट मला मिळालं. तिथे ओल यायची आणि पावसाळी दिवसांत कोपऱ्यातला पंप अचानक गुरगुरून जागा व्हायचा. मी दार लावून घेतलं, गाणी लावली, जे करायचं ते केलं. आत्या सांगलीला परत गेली नाही. तिचं सामान कोणीतरी बांधून पुण्याला पोचवलं. व्हरांड्याच्या जागी आता पार्किंग आहे.

माईआत्या अजून आहे. पुण्यातच, त्या छान जागी. लायब्ररी आहे खरी, पण तिथली पुस्तकं तिनं केव्हाच संपवली. मी दर दिवाळीला फोन करतो. ती कॅलिफोर्नियात थंडी किती विचारते, मी सांगतो. एकदा तिनं विचारलं, "हल्ली नाटक बघतोस का रे?" मी म्हटलं, वेळ होत नाही. तिच्याकडे जेवणाची घंटा वाजली. मग म्हणाली, "बरं."

रिया आता उत्तम मराठी बोलते, हट्टानं शिकली. तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही आणि म्हणून तिच्याशी डोळ्याला डोळा देऊन बोलणं मला अजून जमत नाही. नानाकाकांचा मगही शाबूत आहे. ते नाटक मी गेल्या वर्षी शोधून काढलं आणि कॅप्शन लावून बघितलं. शेवटी व्हरांड्यात उभी राहून ती म्हातारी जे बोलते, ज्याची मी दोन वाक्यं केली होती, ते मोजून पाहिलं नाही, पण पुष्कळ आहे. ती कोणाला शिव्या देत नाही. ती एवढंच म्हणते की तुम्ही विकलंत याचं मला एवढं नाही, पण मला विचारलं असतंत तर मी कदाचित हो म्हटलं असतं.

घर मी परत देऊ शकत नाही. माझ्या माईआत्याला मी त्या नाटकाचा तिसरा अंक देणं लागतो, जसाच्या तसा, आणि तो अजून दिलेला नाही.